कोरियाच्या पुढचा धडा

लीपा गावात एक जुनी थट्टा होती. व्हॉन्ड्रा सरांच्या इतिहासाच्या वर्गात अमेरिका कोरियाच्या युद्धाला संपते, पुढे नुसतं गवत. ज्यांना सरांनी शिकवलं त्यांची पोरं पुढे सरांकडेच शिकली, आणि घरी जेवताना बाप पोराला विचारायचा, "काय, कुठवर आलात? यंदा तरी कोरिया ओलांडणार का म्हातारा?" पोरगं म्हणायचं, "अजून गेटिसबर्गच चाललंय." मग बाप हसायचा आणि बटाटे पुढे सरकवायचा.

आमचं गाव अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांमधलं, युरोपातून आलेल्या जुन्या चेक लोकांचं. मिलो व्हॉन्ड्रा इथलाच. तरुणपणी फौजेत गेला, व्हिएतनामला जाऊन आला, मग कॉलेज केलं आणि ज्या शाळेत शिकला तिथेच इतिहास शिकवायला लागला. शिकवायचा मात्र असा की पाठीमागच्या बाकावरचं पेंगणारं पोरगंसुद्धा ताठ बसावं. यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई आली की सर वर्गाला फुटबॉलच्या सरावाच्या मैदानावर न्यायचे. मार्चातला चिखल, हातात झाडूचे दांडे, समोर टेकाडावर कुंपण. निघायच्या आधी प्रत्येकाने सरांच्या टोपीतून एक चिठ्ठी उचलायची. लाल निघाली तर सर शिट्टी वाजवतील तिथे आडवं व्हायचं. पांढरी निघाली तर कुंपणापर्यंत जायचं. गावातल्या निम्म्या बायका आजही सांगतील, मी अमुक ठिकाणी मेले होते म्हणून, आणि सांगताना खूश असतील.

ह्या एका लढाईला सर तीन-तीन आठवडे घ्यायचे. वर्षाच्या शेवटी मग ओढाताण व्हायची. मे उजाडला की धावण्याच्या शर्यती, परीक्षा, नाचाची पार्टी, वादळाचे भोंगे वाजले की तास तळघरात. इतिहासाची गाडी कशीबशी कोरियापर्यंत यायची आणि सुट्टी लागायची. दरवर्षी. आता एखाद्या वर्षी वेळ कमी पडला तर समजू शकतो हो, पण दरवर्षी त्याच एका वळणावर गाडी अडते म्हणजे काय ते कळायला फार अक्कल लागत नाही. गावाला कळत होतं. पण आम्ही सभ्य लोक. दुसऱ्याच्या बंद दाराकडे बघून हवापाण्याच्या गप्पा मारणं आम्हाला छान जमतं.

नोव्हेंबरात शाळेत माजी सैनिकांचा मान करतात. बँडवर एकेका दलाचं गाणं वाजतं आणि त्या त्या दलातले म्हातारे उभे राहतात, पोरं टाळ्या पिटतात. सर त्या दिवशी माइकच्या मशीनमागे असायचे. गुडघ्यावर बसून वायरी बघत. मशीनमागच्या माणसाला उभं राहायला कोण सांगणार? शरद ऋतूत बदकांच्या शिकारीला अख्खं गाव पहाटे तळ्यावर असायचं, सर घरी. व्हिएतनामात एका रस्त्यावर काहीतरी झालं होतं, एवढंच त्यांच्या बायकोला, अर्लीनला, ठाऊक होतं. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग शाळेत नवीन प्रिन्सिपॉलबाई आल्या आणि उद्दिष्टांचं खूळ घेऊन आल्या. प्रत्येक शिक्षकाने रोज फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्या तासाचं उद्दिष्ट लिहायचं. "तासाच्या शेवटी विद्यार्थी अमुक अमुक सांगू शकेल." बाई कधीही वर्गात यायच्या, एखाद्या पोरापाशी वाकायच्या आणि विचारायच्या, "आज तू काय शिकतोयस?" पोराने उद्दिष्ट म्हणून दाखवायचं. एकदा एकाने सांगितलं, "मॅडम, फळ्यावर लिहिलंय की. चष्मा आणला नाही का?" वर्ग हसला, सरही हसले. बाई हसल्या नाहीत.

इतिहासाची वर्षभराची उद्दिष्टं छापून सरांच्या टेबलामागे भिंतीवर लावली होती. सगळ्यात खाली शेवटचं होतं: विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाची कारणं आणि परिणाम सांगू शकेल. सरांचा कोट नेमका तिथल्याच खुंटीला टांगलेला असायचा.

मार्नी कुबिचेक सरांच्या वर्गात आली तेव्हा इराकचं युद्ध सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. उंच, हडकुळी, खिडकीपाशी बसणारी. तिची आई डोना शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बाप कधीच गाव सोडून गेला होता. शाळेच्या कँटीनमध्ये दर महिन्याला फौजेचा भरतीवाला टेबल मांडायचा. पेनं, पाण्याच्या बाटल्या, आणि कॉलेजची फी भरू असं आश्वासन. मार्नी त्या टेबलापाशी रेंगाळायला लागली. तिचं सतरा पूर्ण झालं होतं, पण अठराच्या आत भरती व्हायचं तर आईची सही लागते.

त्या मार्चात तिला टोपीतून पांढरी चिठ्ठी निघाली. चिखलातून धावत ती कुंपणाला जाऊन टेकली. मागे मित्रमैत्रिणी मेल्यासारख्या पडून खिदळत होत्या. सर शिट्टी खिशात घालत तिच्यापाशी आले.

"सर, खरंच असं असतं का?" तिने विचारलं.

"खऱ्यात चिखल जास्त असतो," सर म्हणाले.

"मी ह्या लढाईचं नाही विचारत."

सरांनी टोपीतल्या उरलेल्या चिठ्ठ्या झटकल्या. "अजून वेळ आहे. तो धडा यायचाय," ते म्हणाले, आणि सगळ्यांना उठायला सांगितलं.

आठवड्याभराने डोनाने त्यांना कँटीनच्या खिडकीत गाठलं. डोना म्हणजे सरांचीच जुनी विद्यार्थिनी. हातात पळी, डोक्याला जाळी. सरांच्या ताटात कणसाचे दाणे वाढता वाढता ती थांबली.

"सर, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मार्नीला फौजेत जायचंय. माझी सही पाहिजे. भरतीवाला गोड बोलतो, पण त्याचं ते पोटच आहे. मला युद्धातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही जाऊन आलाय. मी तिला सांगितलंय, व्हॉन्ड्रा सर जे म्हणतील ते मी करीन. हो म्हणाले तर सही, नाही म्हणाले तर नाही."

मागे पोरांची रांग खोळंबली होती. सरांनी ताट दोन्ही हातांनी धरलं.

"डोना, असं उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही ते," ते म्हणाले. "यंदा तो धडा घेणारच आहे मी. मेमध्ये. वर्गात नीट बोलतो. मार्नी असेलच समोर."

"माझ्या वेळीही तुम्ही कोरियापर्यंतच आला होतात," डोना म्हणाली आणि हसली. "बघा हं."

"यंदा नक्की," सर म्हणाले.

आणि ते खोटं बोलत नव्हते, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. त्यांना खरंच बोलायचं होतं. एका पोरीचा सवाल होता, आणि काय सांगायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नको जाऊस, एवढंच सांगायचं होतं. पण नको म्हटलं की का, असं ती विचारणार. त्या 'का'चं उत्तर एकच होतं आणि ते उत्तर त्यांनी आजवर एकाही माणसाला दिलं नव्हतं.

एप्रिल गेला. सरांनी रेल्वेवर चार दिवस जास्त घेतले. मग महामंदीवर, कारण त्यांच्या आजीच्या गोष्टी पोरांना फार आवडायच्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अर्लीन खसखशीचे कोलाचे, आमच्या चेक लोकांचे गोड पाव, भट्टीतून काढत होती. सर टेबलाशी बसून उद्दिष्टांचा हिशेब जुळवत होते.

"यंदा फार मागे पडलो गं," ते म्हणाले.

अर्लीनने ताट खाली ठेवलं. "मिलो, एक सांगू? तुला गेटिसबर्ग एवढं आवडतं, कारण तिथे तू नव्हतास."

सरांनी पान उलटलं. ती पुन्हा म्हणाली, "डोना मला चर्चमध्ये भेटली. ती तुझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलीय. वर्गात जमत नसेल तर तिच्या घरी जा. तिथेही जमत नसेल तर फोन कर. 'नको' हा एक शब्द आहे रे."

"वर्गात बोलतो म्हणून कबूल केलंय मी."

"मग बोल म्हणजे झालं," अर्लीन म्हणाली आणि कोलाच्यांवर फडकं टाकलं.

शेवटच्या तासाच्या दिवशी सर लवकर शाळेत गेले. भिंतीवरचा कोट काढून खुर्चीवर टाकला. फळ्याच्या कोपऱ्यात आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते शेवटचं उद्दिष्ट लिहिलं, अक्षर न हलता. पोरं आली, बसली. एकाने शीळ घातली, "सर, कोरिया ओलांडला!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

सर म्हणाले, "आधी कोरियाचं थोडं उरलंय, ते उरकू." आणि त्यांनी कोरिया सुरू केला. थंडीत गोठलेल्या बंदुका, डोंगरातली माघार, तह. छान सांगत होते. पोरं ऐकत होती. मार्नी ऐकत नव्हती, ती फळ्याचा कोपरा बघत होती. तह होऊन गेला तरी सर तहाच्या रेषेवर बोलत राहिले, नकाशा काढला, नकाशातली नदी पुसून पुन्हा काढली. तास संपायला थोडा वेळ उरला तेव्हा मार्नीने हात वर केला.

"सर, शेवटचं उद्दिष्ट राहिलंय."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मनात म्हणत होते, बोल, आता बोल, पोरगी विचारतेय. हात मात्र डस्टरकडे गेला. त्यांनी तो कोपरा हळूहळू पुसला, पार कोरा होईपर्यंत.

"वेळ संपत आला," ते म्हणाले. "पुढचं पुस्तकात आहे. वाचून घ्या."

पुस्तकात दोन पानं होती. एक नकाशा, एक हेलिकॉप्टरचा फोटो, आणि खाली सरावाचे प्रश्न. मार्नीने ती वाचली. घरी गेल्यावर आईने विचारलं, काय म्हणाले सर? मार्नी म्हणाली, काही नाही म्हणाले. डोना रात्रभर विचार करत राहिली आणि तिने आपल्या मनाने अर्थ लावला. एवढी वर्षं ओळखणारा माणूस. पोरगी खड्ड्यात जात असती तर गप्प बसला असता का? गप्प बसलाय म्हणजे तेवढं वाईट नसेल. सकाळी तिने सही केली.

हे डोनानेच पुढे अर्लीनला सांगितलं, अगदी साधेपणाने, तक्रार म्हणून नाही. अर्लीनने ते घरी येऊन सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्या उन्हाळ्यात सर गाडी काढून दोनदा डोनाच्या गल्लीत गेले आणि दोन्ही वेळा गल्ली संपेपर्यंत गेले आणि परत आले. सही झाली होती. आता बोलून काय करायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पळवाट शोधणाऱ्याला रस्ते पुष्कळ सापडतात.

फौजेत मार्नीला ट्रक चालवायला दिला. दोन वर्षांत ती इराकला गेली, आणि धडधाकट परत आली. गावाने स्टेशन रोडला झेंडे लावले. सरांनी तिला लांबून बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला. बघ, आली की नाही धड, असं म्हणाले. अर्लीन म्हणाली, "आली का ते बघू."

कॉलेजचे पैसे होते, पण मार्नी कॉलेजात गेली नाही. कापणीच्या दिवसांत धान्याचे ट्रक चालवायला माणूस मिळत नाही, सगळे तिच्यामागे लागले. तिने गाडीची किल्ली हातात धरायलाच नकार दिला. किराणा दुकानात फळ्यांवर डबे लावायची आणि घरी पायी जायची, हिवाळ्यातसुद्धा. आईशी बोलायची ते मीठ आहे का, पाऊस येईल का, इतपतच. डोना विचारायची, "काय झालं गं तिकडे?" ती म्हणायची, "धूळ होती फार." डोना एकदा कँटीनच्या खिडकीत सरांना म्हणाली, "माझ्या घरात भाडेकरू राहतो असं वाटतं हो. पोरगी अजून तिकडेच आहे." सरांनी ताट उचललं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सरांचं शेवटचं वर्ष आलं. निवृत्तीच्या आधीचा मे. ह्या वेळी त्यांनी गेटिसबर्ग एका दिवसात उरकलं, पोरं हिरमुसली. शेवटच्या उद्दिष्टासाठी एक पूर्ण तास राखून ठेवला. आणि इथे त्यांनी पुन्हा तेच केलं, फक्त नव्या पद्धतीने. स्वतः बोलायचं सोडून ते मार्नीकडे गेले. दुकानात, बीन्सच्या डब्यांपाशी उभे राहून म्हणाले, "मार्नी, माझ्या वर्गात येशील? पोरांना खरं काय ते कळू दे. पुस्तकात काही नाही, तुला माहीत आहे."

तिने एक डबा फिरवून लेबल पुढे केलं. "येते," म्हणाली.

हे डोनाला कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "वर्गात तरी बोलेल," ती अर्लीनला म्हणाली. "मला नाही सांगितलं तर नाही. मी मागे बसून ऐकीन." त्या दिवशी तिने भांडी दुसऱ्या बाईवर सोपवली आणि एप्रनसकट येऊन शेवटच्या बाकावर बसली, हात मांडीवर घट्ट धरून.

सर खिडकीपाशी उभे राहिले. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं होतं: तासाच्या शेवटी विद्यार्थी युद्धात माणसाचं काय होतं ते सांगू शकेल.

मार्नी छान बोलली. कुणाला वाटलं नव्हतं एवढी छान. उन्हाने तापलेलं स्टिअरिंग हातमोजे घालून धरायचं, सार्जंट झोपेत मेव्हण्याला शिव्या द्यायचा, एका म्हाताऱ्याने पाजलेल्या चहात एवढी साखर होती की चमचा उभा राहायचा. पोरं हसत होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तिला बरोबर येत होतं. सर ऐकत होते, आणि ती लकब त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांचीच होती.

"ताफा निघाला की थांबायचं नाही, हा नियम," मार्नी सांगत होती. "थांबला तो संपला. काहीही होवो, गाडी चालत राहिली पाहिजे."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "पण कुणी आडवं आलं तर?"

डोना बाकावर पुढे सरकली.

मार्नीने त्या मुलीकडे बघितलं. मग ती वळली, डस्टर उचलला आणि फळ्याचा कोपरा पुसायला लागली. हळूहळू, पार कोरा होईपर्यंत.

"वेळ संपत आला," ती म्हणाली. "पुढचं पुस्तकात आहे. वाचून घ्या."

पोरांनी घड्याळाकडे बघितलं. अर्धा तास बाकी होता. कुणी हसलं नाही. डोनाने मार्नीकडे बघितलं नाही, तिने खिडकीपाशी उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं.

सरांना तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत वर्गात त्यांनी एकच उद्दिष्ट पुरं केलं होतं. ते कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं, आणि त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी त्यात पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाली होती. शरमेने त्यांचे कान तापले. त्यांनी पोरांना सांगितलं, "बाहेर जा, मैदानावर बसा." पोरं मुकाट्याने गेली. मार्नीही निघाली.

"तू थांब," सर म्हणाले. "डोना, तूही बस."

ते शिक्षकाच्या खुर्चीत बसले नाहीत, पोरांच्या बाकावर बसले, गुडघे अवघडून. आणि सांगायला लागले. एकोणीस वर्षांचे होते. रस्त्यावर पहारा होता. एक तीनचाकी गाडी उतारावरून आली, त्यांनी हात केला, ती थांबली नाही. ब्रेक लागत नव्हते बहुतेक. हुकूम होता, त्यांनी गोळ्या घातल्या. आत एक बाई होती, तिचा म्हातारा बाप होता, दोन पोरं होती. बाजाराला निघाली होती. टोपल्यांत बदकं होती, तेवढी जिवंत राहिली. टोपल्या फुटल्या आणि ती रस्ताभर फिरत होती, आणि सार्जंट म्हणाला, व्हॉन्ड्रा, ती बदकं गोळा कर. त्यांनी गोळा केली. एवढंच. त्यांच्या जुन्या मास्तरांनी त्यांना जाताना सांगितलं होतं, जा, माणूस होशील.

बोलून झालं. मार्नी डस्टर हातात धरून फळ्याला टेकली होती. तिने डस्टर खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या गाडीला ब्रेक होते, सर."

डोना उठली आणि तिच्याजवळ गेली, पण पोरीला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. ती तशीच मधे उभी राहिली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग सरांकडे.

"सांगायला एवढाच वेळ लागतो होय, सर?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. सरांनी मान खाली घातली. घंटा व्हायला अजून बराच वेळ होता.